शब्बाथ वर्ष आणि योबेल वर्ष: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

शब्बाथ आणि योबेल वर्षांचे, म्हणजे जमिनीच्या विसाव्याचे आणि सुटकेचे नियम सांगणारा लेवीय २५ हा अध्याय बायबल स्टडीत घेतला की प्रश्न संपतच नाहीत, वेळ संपते. मग लोक नंतर फोनवर विचारतात, व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतात, आणि बरेचसे प्रश्न तेच तेच असतात, म्हणून म्हटलं एकदा सगळे एकत्र लिहून काढते. सोबत लेवीय २५ आणि अनुवाद १५ उघडे ठेवा, म्हणजे पडताळून बघता येईल. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढच्या जवळजवळ सगळ्या उत्तरांत ती येणार आहे. हा अध्याय वाचताना आपण आपोआप सुटणाऱ्याच्या जागी उभे राहतो, म्हणजे माझं कर्ज सुटणार, माझी जमीन परत मिळणार. पण नियम लिहिलेत ते बहुतेक सोडणाऱ्यासाठी, ज्याच्याकडे आहे त्याच्यासाठी. तिकडून वाचला की हा अध्याय अंगावर येतो.

शब्बाथ वर्ष म्हणजे नेमकं काय करायचं?

सहा वर्षं पेरायचं, द्राक्षमळ्याची छाटणी करायची, पीक गोळा करायचं आणि सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यायचा. पेरणी नाही, छाटणी नाही. जे आपोआप उगवेल ते मालकाने कापून कोठारात भरायचं नाही, पण खायला मात्र सगळ्यांना मोकळं, आणि "सगळ्यांना" म्हणजे किती ते लेवीय २५:६-७ मध्ये अगदी यादी देऊन सांगितलंय: तू, तुझा दास, दासी, मजूर, तुझ्याकडे राहणारा परका माणूस, तुझी गुरंढोरं आणि रानातली जनावरंसुद्धा. निर्गम २३ मध्ये तर गरिबांचं नाव आधी येतं. म्हणजे त्या एका वर्षात मालक आणि मजूर दोघंही एकाच शेतात हातात टोपली घेऊन उभे, आणि मालकाला "माझ्या बांधावरून उठ" म्हणायचा हक्क नाही. मला वाटतं विसाव्यापेक्षा ही गोष्ट जड गेली असणार लोकांना. शेत पडीक ठेवणं एक वेळ जमेल, पण कालपर्यंत ज्याला रोजंदारी देत होतो त्याच्या शेजारी उभं राहून तेच फळ तोडायचं!

आणि योबेल वर्ष?

सात वर्षांची सात चक्रं म्हणजे ४९ वर्षं, त्यानंतरचं ५० वं वर्ष योबेल. सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी देशभर शिंग फुंकायचं आणि सुटका जाहीर करायची. मुख्य तीन गोष्टी: जमीन पुन्हा पडीक ठेवायची, विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जायची, आणि कर्जापायी दुसऱ्याच्या घरी राबणारा इस्राएली माणूस मुलाबाळांसकट आपल्या घरी परत जायचा. ५० वं वर्ष वेगळं मोजायचं की तेच पुढच्या चक्राचं पहिलं वर्ष यावर यहुदी गुरूंमध्येच जुना वाद आहे, रब्बी यहुदा म्हणायचे तेच पहिलं, बाकीचे म्हणायचे वेगळं. त्या हिशेबात अडकून बसू नका, अध्यायाचा जीव तिथे नाही.

पण जमीन परत द्यायची तर विकत घेणाऱ्याचं नुकसानच की?

नाही, आणि यासाठी १५ वं आणि १६ वं वचन सावकाश वाचायला हवं. विक्रीच्या वेळी पुढचं योबेल किती वर्षांवर आहे ते बघून किंमत ठरायची. समजा एका वर्षाच्या पिकाचे २ शेकेल (त्या काळी पैशासारखं चालणारं चांदीचं वजन) धरले आणि योबेलला ३० वर्षं आहेत तर ६० शेकेल, पाचच वर्षं राहिली असतील तर १०. (आकडे माझे, समजायला सोपं म्हणून.) म्हणजे विकली जायची ती जमीन नाही, पिकं विकली जायची. शास्त्र हेच सांगतं, की तो तुला पिकांची संख्या विकतो आहे. आजच्या भाषेत हे खरेदीखत नाहीच, मुदतीचं लीज आहे. त्यामुळे फसवणूक कुणाचीच नाही, दोघांना आधीपासून तारीख माहीत आहे.

घरांचा नियम वेगळा आहे हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. तटबंदीच्या शहरातलं घर विकलं तर एक वर्षाच्या आत सोडवून घ्यायचं, नाही घेतलं तर ते कायमचं गेलं, योबेललाही परत नाही. पण तट नसलेल्या खेड्यातलं घर शेताबरोबर धरलं जायचं. म्हणजे देवाला काळजी कशाची होती ते दिसतं, ज्यावर कुटुंबाचं पोट चालतं ते कायमचं जाऊ नये.

"जमीन माझी आहे" असं देव म्हणतो, मग लोकांची काय?

लेवीय २५:२३, अख्ख्या अध्यायाचा खांब तिथे आहे. जमीन कायमची विकायची नाही, कारण जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याजवळ उपरी आणि परदेशी आहात. आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरात सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे यावरून भावाभावांत बोलणं बंद होतं, पिढ्यान् पिढ्या कोर्टकचेऱ्या चालतात, तर इस्राएलच्या सातबाऱ्यावर मालकाच्या रकान्यात देवाचं नाव होतं आणि बाकी सगळे कुळं, राजासुद्धा. अहाब राजाने नाबोथाचा द्राक्षमळा मागितला, चांगला मोबदला देतो म्हणाला, त्याहून चांगला मळा देतो म्हणाला, आणि नाबोथ म्हणाला की माझ्या वाडवडिलांचं वतन मी तुला देणार नाही, परमेश्वर असं न घडवो. तो हटवादी नव्हता, हा नियम त्याला पाठ होता. अहाबाची राणी ईजबेल परदेशातून आलेली, तिला ते कळेचना की राजाला कुणी नाही कसं म्हणू शकतं. पुढे काय झालं ते १ राजे २१ मध्ये आहे.

हे आत्मिक दृष्ट्या घ्यायचं तर उपरी असणं म्हणजे निराधार असणं नाही. "माझ्याजवळ" उपरी, हा शब्द सोडू नका. मालक देव आहे आणि आपण त्याच्या घरात आहोत. घर, नोकरी, मुलं, चर्चमधलं पद, सगळं त्याच्या जागेत आहे. पदाचं मुद्दाम लिहिलं, कारण कमिटीतली खुर्ची पंचवीस-पंचवीस वर्षं न सोडणारी माणसं शेताबद्दल मात्र सुंदर प्रवचन करतात.

सातव्या वर्षी पेरायचं नाही तर खायचं काय?

हा प्रश्न आपण विचारायच्या आधी देवानेच लोकांच्या तोंडून विचारून घेतलाय, २० व्या वचनात. उत्तर असं, की सहाव्या वर्षी मी इतका आशीर्वाद देईन की तीन वर्षांचं पीक येईल. तीन का, तर सातव्या वर्षी पेरलं नाही, आठव्या वर्षी पेरलं पण ते हातात यायला वेळ लागतो, म्हणून नवव्या वर्षीचं पीक येईपर्यंत जुनं धान्य पुरायला हवं.

आता यात एक गोष्ट बघा. आशीर्वाद येतो सहाव्या वर्षी, जमीन सगळ्यात थकलेली असते तेव्हा. आणि भरलेलं कोठार दिसत असताना हात थांबवायचा असतो. दुष्काळात विश्वास ठेवणं आपल्याला कळतं, पण भरपूर पीक आलेलं असताना "पुरे" म्हणायलाही विश्वासच लागतो, आणि तो मला तरी जास्त अवघड वाटतो. रानात दररोज मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेलं अन्न, गोळा करायला शिकवलं, शुक्रवारी दुप्पट मिळायचं, तोच धडा इथे वर्षांच्या मापाने दिलाय.

पण प्रत्यक्षात त्रास झालाच नाही असं मी म्हणणार नाही. मक्काबी लोकांच्या, म्हणजे ग्रीक राजांविरुद्ध लढणाऱ्या यहुद्यांच्या काळात, इ.स.पू. १६३ च्या सुमारास, बेथसूरच्या किल्ल्यातल्या माणसांना शरण जावं लागलं, कारण शब्बाथ वर्ष होतं आणि आत धान्य नव्हतं. ही माणसं वेढा पडलेला असताना, उपाशी असतानाही नियम धरून होती. उलट बाजूने ज्युलियस सीझरने यहुद्यांना सातव्या वर्षीचा कर माफ केल्याची नोंद आहे, म्हणजे रोमी सरकारलाही माहीत होतं की या वर्षी हे लोक खरंच पेरत नाहीत.

कर्ज खरंच माफ व्हायचं का, की फक्त पुढे ढकललं जायचं?

अनुवाद १५ मध्ये सातव्या वर्षाच्या शेवटी सावकाराने शेजाऱ्याला आणि भावाला दिलेलं कर्ज सोडून द्यायचं असं आहे. काही अभ्यासक म्हणतात की फक्त त्या वर्षापुरती वसुली थांबायची, पण यहुदी परंपरेने ते माफीच धरलंय आणि मलाही अध्यायाचा रोख तोच वाटतो. परदेशी माणसाकडून वसुली करायची मुभा होती, तेही तिथेच लिहिलंय.

नववं वचन मला फार खोल वाटतं. सातवं वर्ष जवळ आलंय, आता दिलं तर परत येणार नाही, असा विचार मनात येऊन तू गरीब भावाकडे वाकड्या नजरेने बघशील, तर सांभाळ, तो परमेश्वराकडे ओरडेल आणि तुला पाप लागेल. कायद्याच्या पुस्तकात नजरेबद्दल लिहिलंय! दार उघडायच्या आधी, कोण आलंय ते खिडकीतून बघून आपला चेहरा जो बदलतो, तिथपर्यंत हा नियम पोचतो.

आणि माणसं तशीच वागली. इ.स.पू. पहिल्या शतकात हिल्लेल नावाच्या थोर गुरूंनी बघितलं की सातवं वर्ष जवळ आलं की लोक कर्ज देणंच बंद करतात आणि गरिबाचेच हाल होतात. म्हणून त्यांनी प्रोझबुल नावाची कागदपत्राची सोय काढली, कर्ज कोर्टाच्या ताब्यात द्यायचं म्हणजे ते माफ होत नाही. यावरून हिल्लेलना नावं ठेवणारे ख्रिस्ती प्रचारक मी ऐकलेत, मला ते पटत नाही. त्यांनी गरिबाला कर्ज मिळत राहावं म्हणून ते केलं. दोष असेल तर तो आपल्या सगळ्यांच्या हृदयाचा आहे.

कर्जमाफी तर इतर देशांचे राजेही करायचे, मग यात विशेष काय?

बरोबर आहे, बाबेलचे राजे गादीवर आल्यावर कर्जमाफीची फर्मानं काढायचे, अम्मिसदुका राजाचं फर्मान तर मातीच्या पाट्यांवर सापडलेलं आहे, आणि हम्मुराबीच्या कायद्यात कर्जापायी राबणाऱ्याला चौथ्या वर्षी सोडायचं असं आहे, म्हणजे मोशेपेक्षा लवकरच. पण राजाची माफी राजाच्या मर्जीवर. त्याला वाटलं तर मिळणार, आणि मिळाली की त्याचा जयजयकार करायचा. इस्राएलमध्ये ती कॅलेंडरवर बसवली. कुणी मोठा माणूस उदार व्हायची वाट बघायची गरज नाही, कुणाचे पाय धरायला नकोत. गरीब माणूस बोटांवर मोजू शकत होता की अजून इतकी वर्षं. ज्याला परत मिळतंय त्याची मान खाली जाऊ नये हा यातला मोठेपणा आहे.

इस्राएल लोकांनी हे प्रत्यक्षात पाळलं का?

शब्बाथ वर्ष काही काळ नक्की पाळलं, वर बेथसूरचं सांगितलंच. योबेल मात्र अमुक वर्षी साजरं झालं असा एकही प्रसंग बायबलमध्ये नाही. आणि न पाळल्याचे उल्लेख भरपूर आहेत. २ इतिहास ३६:२१ म्हणतं की बाबेलच्या बंदिवासात देश ओसाड पडला ती ७० वर्षं म्हणजे जमिनीने आपले राहिलेले शब्बाथ भरून घेतले. लेवीय २६ मध्ये ही ताकीद आधीच दिलेली होती.

पण सगळ्यात वाईट वाटतं ते यिर्मया ३४ वाचून. बाबेलच्या सैन्याचा यरुशलेमला वेढा पडलाय, सिद्कीया राजा आणि सरदार घाबरलेत, मंदिरात करार करतात, वासरू मधोमध कापून त्या दोन तुकड्यांमधून चालतात आणि सगळ्या इब्री दासदासींना मोकळं करतात. लोक घरी गेले असतील, आयांनी पोरांना जवळ घेतलं असेल. मग मिसरचं सैन्य येतंय म्हणून बाबेलवाले वेढा उठवून थोडे मागे सरतात. आणि हे लोक काय करतात? जाऊन त्याच माणसांना परत धरून आणतात आणि पुन्हा दास करतात. यिर्मयाचा शब्द तिथे इतका कडक आहे की वाचवत नाही: तुम्ही भावाला मोकळीक दिली नाही, तर मी तुम्हाला मोकळं करतो, तलवारीला, मरीला आणि दुष्काळाला. संकटात केलेला नवस आणि संकट टळल्यावरची आपली वागणूक, कुणाला हे आपलं वाटणार नाही?

याच्या उलट नहेम्या ५. बंदिवासातून परत आलेले गरीब लोक ओरडतायत की आम्ही शेतं गहाण टाकली, राजाचा कर भरायला कर्ज काढलं, आता मुली दासी व्हायला लागल्यात. त्यांचा सुभेदार नहेम्या सरदारांना सगळ्यांसमोर झापतो. पण लक्ष द्या, तो म्हणतो की मी, माझे भाऊ आणि माझे चाकरही त्यांना पैसा आणि धान्य उसनं देत आहोत, आपण हे सोडून देऊ. स्वतःला बाहेर ठेवत नाही. मग याजकांना बोलावून शपथ घ्यायला लावतो आणि सगळ्या सभेसमोर आपल्या झग्याचा घोळ झटकतो, की जो शब्द पाळणार नाही त्याला देव असा झटकून टाको. सभा आमेन म्हणते आणि पुढचं वाक्य महत्त्वाचं, लोकांनी त्याप्रमाणे केलं. शेतं, मळे, जैतुनाच्या बागा, घरं परत गेली.

सोडवणारा नातेवाईक म्हणजे कोण?

योबेलची वाट न बघता जवळच्या नातेवाइकाने मध्ये पडून जमीन किंवा माणूस सोडवायचा, ही सोय लेवीय २५ मध्येच आहे. रूथच्या पुस्तकात बवाज हेच करतो, आणि त्याच्याआधी हक्क असलेला दुसरा नातेवाईक शेत घ्यायला तयार असतो पण रूथची जबाबदारी आहे कळल्यावर मागे फिरतो.

दुसरं उदाहरण कमी लोकांना माहीत आहे. यिर्मया ३२. संदेष्टा चौकीदारांच्या अंगणात कैदेत, बाहेर वेढा, आणि चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो अनाथोथचं माझं शेत विकत घे, सोडवायचा हक्क तुझा आहे. शत्रूच्या हातात गेल्यात जमा असलेलं शेत! यिर्मया १७ शेकेल चांदी तागडीत तोलून देतो, खत लिहितो, मोहर लावतो, साक्षीदार उभे करतो, मोहरबंद खत आणि उघडं खत दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्याकडे देऊन सांगतो की मातीच्या मडक्यात ठेव म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. या देशात घरं, शेतं, द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील असं देव म्हणालाय म्हणून. खिशातून पैसे जाणारी आशा अशी असते. आपला सोडवणारा ख्रिस्त आहे असं आपण गातो, तर हा व्यवहार डोळ्यासमोर ठेवून गायचं, की त्याने जवळचं नातं मानलं आणि किंमत मोजली.

योबेलचं शिंग प्रायश्चित्ताच्या दिवशीच का वाजायचं?

वर्ष सुरू होताना, पहिल्या दिवशी वाजवता आलं असतं. पण दहाव्या दिवशी, म्हणजे सगळा देश उपास करून बसलाय, महायाजक वर्षातून एकदाच परमपवित्र स्थानात जातोय, लोकांची पापं बकऱ्याच्या डोक्यावर ठेवून त्याला रानात सोडलंय, त्या दिवशी. आधी देवाने तुमचं सोडलं, आता तुम्ही शेजाऱ्याचं सोडा. मत्तय १८ मधला न फेडता येणारं कर्ज माफ झालेला चाकर बाहेर पडून सोबत्याचा गळा धरतो, ती गोष्ट या क्रमाशी जोडून वाचून बघा. आणि दर रविवारी प्रभूची प्रार्थना म्हणताना आम्ही आमच्या ऋणी लोकांना सोडलंय असं आपण देवाला तोंडाने सांगतो. त्या ओळीवर मी अलीकडे थांबते, घाईने म्हणवत नाही.

येशू योबेलबद्दल काही बोलला का?

लूक ४. नासरेथच्या सभास्थानात यशयाचं पुस्तक हातात घेऊन ६१ वा अध्याय वाचतो: दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, ठेचलेल्यांना मोकळीक, परमेश्वराच्या प्रसादाचं वर्ष. सुटका जाहीर करण्याची ती भाषा योबेलची आहे. "सूड घेण्याचा दिवस" यायच्या आधी थांबतो, पुस्तक गुंडाळून सेवकाला देतो, खाली बसतो आणि म्हणतो आज हे पूर्ण झालं.

लोकांना आधी आवडलं. राग कधी आला, तर त्याने सारफथची विधवा आणि सुरियाचा नामान यांची नावं घेतली तेव्हा, दोघंही परके. म्हणजे सुटका आपल्यासाठी असेपर्यंत गोड, ती नको त्या माणसालाही मिळणार म्हटल्यावर त्याला कड्यावरून ढकलायला निघाले.

"हे तुमचं योबेल वर्ष आहे, हरवलेलं सगळं परत मिळेल" अशी भविष्यवाणी ऐकली, विश्वास ठेवू का?

अशा भविष्यवाण्या दर ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत कुठे ना कुठे होतात, आणि सहाव्या वर्षाच्या तिप्पट पिकाचं वचन दाखवून लोकांकडून दान घेतलं जातं. मी स्पष्ट सांगते, हे शास्त्राचा गैरवापर आहे. ज्या अध्यायात गरिबाकडून व्याज घेऊ नको म्हटलंय त्या अध्यायाच्या नावाने विधवेच्या पर्समधून पाचशेची नोट काढून घ्यायची? योबेलमध्ये कुणाला काही परत मिळायचं तेव्हा दुसरं कुणीतरी ते परत द्यायचं. कुणी तुम्हाला हे तुमचं योबेल आहे म्हणालं तर प्रेमाने विचारा, मी काय परत करू?

त्या अध्यायात परदेशी दास कायमचे ठेवायची परवानगी आहे, याचं काय?

४४ ते ४६ ही वचनं आहेत आणि मी त्यांना गोड करून सांगणार नाही. इस्राएली भावाला दासासारखं राबवायचं नाही, पण आजूबाजूच्या राष्ट्रांतले दास विकत घेऊन वारसांना ठेवता येतील असं लिहिलंय. त्या काळच्या सगळ्या समाजांत दास होते हे खरं, पण एवढ्याने मन भरत नाही. मला दिसतं ते इतकंच, की ज्या कारणाने इस्राएली माणूस दास राहू शकत नव्हता, म्हणजे तो देवाचा सेवक आहे, देवाने त्याला सोडवलंय, ते कारण ख्रिस्तात सगळ्या राष्ट्रांना लागू झालं, मग भिंत उरत नाही. पौल ओनेसिम नावाच्या दासाला त्याच्या मालकाकडे, फिलेमोनाकडे परत पाठवतो तो दास म्हणून नव्हे, प्रिय बंधू म्हणून. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या लिबर्टी बेल नावाच्या घंटेवर लेवीय २५:१०, देशभर मोकळीक जाहीर करा हे वचन, कोरलंय, आणि गुलामगिरी बंद करा म्हणणाऱ्यांनी पुढे तीच घंटा आपली खूण केली. गुलाम ठेवणाऱ्या देशाला त्याच्याच घंटेवरचं वचन वाचून दाखवायला लागलं.

यहुदी लोक आजही पाळतात का?

योबेल नाही, कारण इस्राएलचे सगळे वंश आपापल्या वतनात राहत असतील तेव्हाच ते लागू अशी त्यांची परंपरा आहे. शब्बाथ वर्ष मात्र पाळतात, त्याला श्मिता म्हणतात. मागचं सप्टेंबर २०२१ ते सप्टेंबर २०२२ झालं, पुढचं सप्टेंबर २०२८ मध्ये सुरू होईल. नियम फक्त इस्राएल देशाच्या जमिनीला. काही शेतकरी खरंच जमीन पडीक ठेवतात, काही जण रब्बींच्या परवानगीने जमीन वर्षभरापुरती बिगर-यहुदी माणसाला कागदोपत्री विकतात. ही सोय १८८८-८९ पासूनची, नव्या वसाहती उपाशी मरू नयेत म्हणून काढलेली, आणि त्यावर तेव्हापासून आजपर्यंत मतभेद आहेत. एक बारीक गोष्ट मला फार आवडते. त्या वर्षीचं फळ पवित्र धरतात, म्हणून काटेकोर पाळणाऱ्या घरांत खाण्यासारखी सालंसुद्धा कचऱ्यात टाकत नाहीत, वेगळ्या डब्यात ठेवतात आणि पार सडून गेल्यावरच टाकतात.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी लोकांना शेतीचा हा नियम लागू नव्हता, देश वेगळा, पण आठवड्याचा शब्बाथ त्यांनी पिढ्यान् पिढ्या सोडला नाही. अलिबाग-रेवदंड्याकडे तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली नाव दिलं. त्यांच्यातले बरेच जण आता इस्राएलमध्ये आहेत, तिथे मराठी बोलणाऱ्या घरांतही श्मिताच्या वर्षी भाजी कुठून आणायची हा प्रश्न येतो.

कॅथोलिक ज्युबिली वर्ष हेच का?

नाव आणि प्रेरणा तिथून, पण विधी वेगळा. पोप बोनिफास आठवे यांनी १३०० मध्ये पहिलं जाहीर केलं, पुढे अंतर कमी होत २५ वर्षांवर आलं. २०२५ चं वर्ष पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०२४ मध्ये पवित्र दार उघडून सुरू केलं आणि त्यात श्रीमंत देशांनी गरीब देशांची कर्जं माफ करावीत अशी हाकही दिली होती.

मग आपण ख्रिस्ती लोकांनी काय करायचं, हे नियम बंधनकारक आहेत का?

कायदा म्हणून नाही, कलस्सै २ मध्ये पौल सण, चंद्रदर्शन, शब्बाथ यांना पुढे येणाऱ्या गोष्टींची छाया म्हणतो. पण छाया ज्याची आहे तो आल्यावर आपण कमी द्यायचं असं कुठे लिहिलंय? प्रेषितांची कृत्ये ४ मध्ये त्यांच्यात कुणी गरजू उरला नाही असं आहे, आणि अनुवाद १५:४ मध्ये तुझ्यात कुणी गरीब असू नये असं. प्रेषितांच्या त्या मंडळीत कुणी तारखेची वाट बघितली नाही.

आमच्या मंडळीतल्या एका काकूंचं सांगते. त्यांच्याकडे जुनी, कापडी पाठीची वही होती, कुणाला किती उसने दिले ते त्यात. अनुवाद १५ चा अभ्यास झाला त्या आठवड्यात त्यांनी तीन नावांवर निळ्या पेनाने रेघ मारली आणि त्या तिघांना स्वतः जाऊन सांगितलं की आता काही देणं नाही. जाऊन का सांगितलं विचारलं तर म्हणाल्या, मनातल्या मनात माफ केलं तर त्यांना कसं कळणार, ते मला बघून रस्ता बदलतात ते बदलतच राहतील. शिंग फुंकायचं ते यासाठीच. ज्याची सुटका झाली त्याच्या कानापर्यंत आवाज जायला हवा.

पैसा नसेल तर? माणसं धरून ठेवलेली असतात आपण. दहा वर्षांपूर्वी जावेने काय म्हटलं ते, भावाने वाटणीत काय केलं ते. त्याचं व्याजही चढत असतं.

असं सोडत गेलं तर लोक गैरफायदा घेणार नाहीत का?

घेतील, काही जण. शास्त्राला हे ठाऊक होतं, तरी म्हटलं हात उघड. पण हेही बघा, योबेलमध्ये आयतं बसून खायला मिळत नाही, जमीन परत मिळते, म्हणजे पुन्हा घाम गाळायचा मान मिळतो. आणि अनुवाद १५:१३-१४ म्हणतं सोडताना रिकाम्या हाताने पाठवू नको, कळपातून, खळ्यातून, द्राक्षकुंडातून भरभरून दे. नुसतं "जा, मोकळा आहेस" म्हटलं तर तो महिन्याभरात कर्ज मागायला परत येणार. कुणाला सावरायचं तर उभं राहायला लागेल इतकं द्यायचं.

ग्रुपमध्ये अभ्यास घ्यायचा असेल तर कुठून सुरू करू?

लेवीय २५ पासून नको, लोक आकड्यांत हरवतात. आधी नहेम्या ५, कारण त्यात माणसं आहेत. मग अनुवाद १५, मग लेवीय २५, मग यिर्मया ३४ आणि लूक ४. एका बैठकीत एकच अध्याय घ्या. मुलांनाही बसू द्या, अनुवाद ३१ मध्ये दर सातव्या वर्षी मंडपांच्या सणात पुरुष, स्त्रिया, लेकरं आणि वेशीतला परका सगळ्यांसमोर नियमशास्त्र वाचायला सांगितलंय, शेतात काम नसल्यामुळे सगळ्यांना वेळ असायचा. आणि प्रत्येकाला वही-पेन घेऊन यायला सांगा.